दुसऱ्याने सोडलेली गाठ

माझ्या बापाने कान धरले तेव्हा मी द्राक्षाच्या मांडवाखाली बसून भाकर खात होते.

पिंपळगावजवळची बाग. भात झोडून झाला की आम्ही हरसूलकडून द्राक्षाच्या कामाला यायचो. त्या दिवशी मांडवाची तार तुटली होती आणि तयार घड मातीत लोळत होते. तार तोडली मालकाच्या ट्रॅक्टरने. चालवत होता मालकाचा मुलगा. बागेतल्या सगळ्या मजुरांनी बघितलं होतं. मालकानेही बघितलं असणार, कारण तो बांधावरच उभा होता. पण त्याने हाक मारली ती माझ्या बापाला.

"कान धर."

बापाने खांद्यावरचा टॉवेल काढून काखेत धरला आणि दोन्ही हातांनी कान धरले.

"म्हण, चुकलं."

"चुकलं मालक."

मुलगा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून हसत होता. मला राग आला, असं आज सांगायला छान वाटेल, पण तो आला नाही. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. मी भाकर फडक्याखाली झाकून ठेवली, जणू ती खाणं हाच गुन्हा होता.

संध्याकाळी मी बापाला विचारलं, तार तू तोडली नव्हती ना? तो चुलीत लाकूड सारत होता. वळलाही नाही. म्हणाला, "म्हन्ल्यानं काय जातं? काम तं ऱ्हायतं."

हे वाक्य मी पदरात बांधून घेतलं. आश्रमशाळेत कंदिलाची काच फुटली, मी चुकलं म्हटलं. एसटीत कंडक्टर खेकसला, मी चुकलं म्हटलं. लग्न होऊन नाशकात आले, सातपूरला खोली घेतली, बंगल्यात भांडी घासायला लागले, तिथे बाईंचा कप बाईंच्याच हातून पडला तरी चुकलं माझंच. समोरच्याने तोंड उघडायच्या आत माझं म्हणून झालेलं असायचं. नमस्कार करावा तसं मी ते म्हणायचे.

मग नाशकात काचा आल्या. आधी बँकांना, मग दवाखान्यांना, मग हायवेच्या कडेने शोरूमना. अख्ख्या भिंतीच काचेच्या. एका ठेकेदाराने त्या पुसायला बाया ठेवल्या, त्यात मी लागले. वर्षभराने माझ्या मामेबहिणीला, यमुनेला, गावाकडून आणलं. तिची आई नको म्हणत होती. मी म्हटलं, मामी, सावलीतलं काम आहे, पोरीला काही होत नाही.

उंच काचेसाठी पोल असायचे. ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या, एकात एक सरकणाऱ्या. टोकाला रबराची पट्टी नाहीतर ब्रश. नळी बाहेर ओढायची, पिळायची, की आतलं प्लास्टिकचं लॉक फुगून तिला धरतं. परदेशी माल, मुंबईहून यायचा. पण नाशकाची धूळ काही परदेशी नव्हती. ती आत जायची, लॉक घासायचं आणि काच पुसता पुसता पोल हळूहळू खाली बसायला लागायचा. सुटं लॉक मिळायचं नाही. नवा अख्खा पोल घ्या म्हणायचे. ठेकेदाराच्या गोडाऊनमध्ये असे बसके पोल ढिगाने पडले होते.

ते बघून मला बापाचा झेला आठवला. उंच झाडावरचे आंबे उतरवायला एक बांबू पुरत नाही. मग बाप जाड बांबूचं तोंड चिरायचा, त्यात बारीक बांबू ठोकायचा आणि वरून घायपाताचा ओला वाख आवळून बांधायचा. वाख वाळला की गाठ अशी आवळते की बांबू मोडेल पण सांधा सुटणार नाही. त्यात एक रीत होती. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडायची. आणि सोडली की चिरलेलं तोंड तिथल्या तिथे कापून चुलीत घालायचं. चिरलेला बांबू तसाच कुडाला टेकवून ठेवायचा नाही. कुणीतरी उचलतो आणि पडतो.

मी एक पोल घरी आणला. बाहेरच्या नळीचं तोंड हॅक्सॉने चिरलं आणि वरून सायकलच्या सीटची दांडी जिथे आवळतात तो पट्टा, नट-बोल्टसकट, बसवला. पहिला पोल वाया गेला. इतका आवळला की नळी चेपली आणि आतली सरकेना. बांबू सोसतो, ॲल्युमिनियम सोसत नाही. दुसऱ्याची चीर वाढत वाढत खाली गेली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने सांगितलं की चिरेच्या शेवटी बारीक भोक पाड, मग ती पुढे पळत नाही. आत जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. तिसरा पोल धरला.

मग मी थांबेचना. छज्ज्यावरून वळून जायला पोलची मान वाकडी करून दिली. यमुना बुटकी, तिचा हात घामाने घसरायचा, म्हणून तिच्या पोलला खाली सायकलच्या मुठीचं रबर चढवलं. ठेकेदार खूश झाला आणि शाबासकी म्हणून उरलेला ढीगही माझ्याच अंगावर टाकला. मी खूश होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला अशा कामासाठी बोलावत होतं, ज्याच्या शेवटी मला चुकलं म्हणावं लागत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. की हा पोल आता पट्ट्यावरच जगतो. पट्टा काढला तर चिरलेलं तोंड उघडं पडतं आणि मग कंपनीचं कोरं लॉक घातलं तरी ते धरणार नाही. लपवलं नव्हतं मी. सांगावं असं मनातच आलं नाही. दुसऱ्याची गाठ कुणी सोडतं का? आमच्याकडे नाही सोडत. नाशकात सोडतात, हे मला ठाऊक नव्हतं.

हायवेवरच्या एका नव्या गाड्यांच्या शोरूमचं उद्घाटन होतं. काचेचं काम आमच्याकडे. आमचा सुपरवायझर देवरे आदल्या संध्याकाळी, आम्ही घरी गेल्यावर, पोल बघायला बसला. मुंबईहून नेमकं लॉकचं पाकीट आलं होतं. त्याला माझे गंजके पट्टे नजरेत खुपले. उद्या मोठी माणसं येणार, फोटो निघणार आणि आपले पोल म्हणजे सायकलचं दुकान. त्याने पाना घेतला आणि सगळे पट्टे काढून टाकले. चकचकीत लॉक बसवली.

सकाळी मी पोल हातात घेतला तर पट्टा नव्हता. देवरेला म्हटलं, साहेब, नळीचं तोंड चिरलेलं आहे, पट्ट्याशिवाय हे धरणार नाही. तो म्हणाला, फोटोपुरतं आहे, पूर्ण उघडू नका, आणि आज जरा तोंड बंद ठेव. मी म्हटलं, "चुकलं साहेब."

काय चुकलं होतं माझं? पण म्हटलं. म्हणून झालं आणि माझं तोंड बंद झालं. त्याने मला आतल्या बाजूला पाठवलं, यमुनेला बाहेर ठेवलं. तिला सांगायचं होतं. मी ठरवलं, चहाच्या वेळी सांगू. पाहुण्यांचा चहा आधी झाला. आमचा आलाच नाही.

आता आमची एक खूण सांगायला हवी. काच दोघींनी पुसायची असते, एक आतून, एक बाहेरून. मध्ये काच, त्यामुळे बोललेलं ऐकू जात नाही. डाग कुठे राहिला ते बाहेरचीला दिसत नाही, कारण तिच्या डोळ्यांवर ऊन असतं. मग आतलीने काचेवर बोटाने टकटक करायचं. टकटक म्हणजे इथे राहिलंय, वर घे, नीट पूस. यमुनेला ही खूण मीच शिकवली होती.

दारावर फीत बांधली होती. फितीपुढे हार घातलेली नवी कोरी गाडी. पाहुणे यायची वेळ झाली आणि शोरूमच्या मालकाला दारावर पार वरच्या काचेवर कबुतराची घाण दिसली. त्याने यमुनेला बोट करून दाखवलं. पूर्ण उघडू नका म्हणणारा देवरे शेजारीच होता. तोच म्हणाला, पटकन कर.

मी आतून बघत होते. यमुनेने पहिली नळी ओढली, दुसरी ओढली. तिचा डावा हात सांध्याच्या वर होता, पोल सरळ धरायला धरतो तसा. मी धावले. काचेवर जोराने हात मारला. थांब, थांब म्हणत होते मी. माझं तोंड हलताना तिला दिसलं असेल. तिने मान हलवली, हसली आणि पोल अजून वर नेला. तिला वाटलं, मी डाग दाखवतेय.

सांधा सुटला. वरची नळी सरळ खाली आली. यमुनेचं बोट दोन नळ्यांच्या मधे सापडलं. तिने पोल सोडला आणि ब्रश जाऊन त्या गाडीच्या बॉनेटवर आपटला.

सगळे धावले. गाडीकडे.

हे मी डोळ्यांनी बघितलं. रेशमी साडीतल्या बाया, फोटोग्राफर, पांढऱ्या कपड्यातले लोक, सगळे गाडीभोवती गोळा झाले. मालक बॉनेटवरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवत होता, हलक्या हाताने, तिला दुखू नये अशा बेताने. यमुना पायरीवर बसली होती, ॲप्रनमध्ये हात गुंडाळून. निळा ॲप्रन काळा होत होता. तिच्या जवळ मी पोचले तेव्हा ती मलाच म्हणाली, "आक्का, डाग ऱ्हायला ना वर?"

मालकाने विचारलं, हे कुणाचं काम? देवरेने माझ्याकडे हात केला. हिनेच पोल कापलेत साहेब, मी नको म्हणत होतो असलं जुगाड. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण मी तरी कुठली संन्यासी? नळी चिरली होती मीच. मालकाने पोल उचलून ती चीर लोकांना दाखवली. कुठल्या कुठल्या जंगलातून उचलून आणता आणि माझ्या काचेला लावता, असं तो ठेकेदाराच्या नावाने देवरेला म्हणाला. एकदोघं हसले. मग तो माझ्याकडे वळला.

"कान धर. सगळ्यांसमोर म्हण, चुकलं."

मी तिशीला आलेली बाई. दोन लेकरांची आई. माझे हात उठले. मी उचलले नाहीत, ते आपोआप उठले. त्यांना वाट माहीत होती. देवरे माझ्या कानाशी येऊन कुजबुजला की म्हणून टाक बाई, हिच्या दवाखान्याचं मी बघतो, नाहीतर सगळ्या बायांचं काम जाईल. सगळ्या बाया भिंतीला लागून उभ्या होत्या. एकीच्याही नजरेत माझ्यावर राग नव्हता. एवढंच होतं, म्हण गं, म्हणून टाक. म्हटल्याने काय जातं.

आणि अडचण अशी होती की या वेळी माझं खरंच चुकलं होतं. जन्मभर न केलेल्यासाठी चुकलं चुकलं म्हणत आले. आज केलेलं होतं. तोंड चिरलं मी, कुणाला सांगितलं नाही मी, चहाची वाट बघत बसले मी, काच वाजवली मी. कुणापुढे तरी ते ओतून टाकावं, पाया पडावं, असं फार वाटत होतं. जिच्यापुढे ओतायचं ती मात्र पायरीवर बसली होती आणि तिच्यासाठी कुणी काही मागत नव्हतं. हा मागत होता ओरखड्यासाठी.

तेव्हा मला कळलं, म्हटल्याने काय जातं ते. तो शब्द जातो. इतक्या ठिकाणी उधळलेला असतो की खरी वेळ येते तेव्हा आपल्याकडे द्यायला काही उरत नाही. मी त्या गाडीपुढे कान धरले असते, तर यमुनेपुढे जाऊन काय म्हटलं असतं? तोच उष्टा शब्द.

माझे हात खांद्यापर्यंत आले होते. मी ते खाली घेतले.

म्हटलं, "माझं चुकलंय ते हिच्यापाशी चुकलंय. तुमच्यापुढं कान धरणार नाही."

आवाज मोठा नव्हता माझा. मालकाला पहिल्यांदा समजलंच नसावं, कारण तो वाट बघत राहिला. मी यमुनेला उठवलं, रिक्षा थांबवली आणि सिव्हिलला नेलं. मागून देवरे हाका मारत होता. त्याने माझं नाव घेतलं, पहिल्यांदाच.

बोटाचं टोक गेलं. नखाखालचं पेर कापावं लागलं.

शोरूमचं काम त्याच आठवड्यात गेलं. ठेकेदाराने सगळ्या बाया कमी केल्या, मला सगळ्यात आधी. बाया मला काही बोलल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर बघितलं न बघितल्यासारखं करायच्या, तेवढंच. त्यांतल्या एकीच्या पोरीची त्या वर्षी शाळा सुटली. ते माझ्या खात्यावर धरू की मालकाच्या, मी अजून ठरवते आहे. रात्री धरते माझ्या, दिवसा धरते त्याच्या.

यमुना दवाखान्याच्या बाकावर बसून, हाताचं गाठोडं मांडीवर ठेवून म्हणाली होती, "म्हन्ली असतीस तं काय गेलं असतं?"

बापाचंच वाक्य. माझ्याकडे उत्तर होतं. पण कापलेल्या बोटापुढे उत्तर देता येत नाही.

बाजाराच्या दिवशी मी हरसूलला उतरले आणि घरी गेले. बापाला सगळं सांगितलं. शोरूमच्या मालकाने काय केलं ते मी तिखटमीठ लावून सांगत होते. त्यात त्याला रस नव्हता. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. पोरीचं बोट कसं हाय. आणि पट्टा निघालेला दिसला तवा तोंड कापून का टाकलं नाय.

मी म्हटलं, "चुकलं, बाबा."

"माझ्याफुडं नको. तिच्याफुडं म्हन."

मी म्हटलं, मी कान धरले नाहीत, बाबा. बापाने विडी पेटवली आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. मी त्याच्या जन्मभराच्या 'चुकलं मालक'वर बोट ठेवून आले होते, हे मला त्याची पाठ बघून कळलं. त्याने ते म्हटलं म्हणून मी त्या मांडवाखाली भाकर खाऊ शकले होते. तेही माझ्याकडे बाकी आहे.

तिथून यमुनेकडे गेले. मामी दारातून आत निघून गेली. यमुना तांदूळ पाखडत होती, एका हाताने सूप धरून, दुसऱ्याचं मनगट खाली लावून. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. कान धरले नाहीत. हात मांडीवर ठेवले आणि एकेक सांगितलं. तोंड चिरलं होतं. तुला सांगितलं नाही. पट्टा गेलेला बघितला तरी पोल तुझ्या हातात जाऊ दिला. चहाची वाट बघितली. काच वाजवली ती थांब म्हणून वाजवली होती. "यमुना, माझं चुकलं."

ती ऐकत होती. सूप थांबलं होतं. मग म्हणाली, "बरं."

आणि पुन्हा पाखडायला लागली. त्या बरंमध्ये माफी नव्हती. मी मागितलीही नव्हती. घरी जाताना माझं ओझं तेवढंच होतं, फक्त ते आता माझ्या मापाचं होतं.

आज मी सातपूरला पत्र्याच्या शेडखाली पोल दुरुस्त करते. बरेच ठेकेदार आणून टाकतात. नळ्या अजून चिरतेच, पण पट्टा आता रिव्हेट मारून पक्का करते, कुणाला पान्याने काढता येऊ नये म्हणून. घेऊन जाणाऱ्याला बसवून सांगते की हा पट्टा निघाला तर पोल मेला. कंटाळतात, तरी सांगते. जो धरत नाही त्याचं चिरलेलं तोंड समोरच कापते. काच पुसणाऱ्या बायांना मी टकटक शिकवत नाही. थांबायची खूण आधी शिकवते. तळहात काचेला लावायचा आणि हलवायचा नाही.

यमुनेचं बोट मी परत देऊ शकत नाही. तिच्यापुढे माझं चुकलं ते मरेपर्यंत चुकलेलंच राहणार आणि ते मी अंगावर घेऊन फिरेन. त्यातला कणही कुणाच्या माथी मारणार नाही. पण दुसऱ्याचं काही माझ्या अंगावर घेणार नाही. समोर मालक असो, साहेब असो, काम राहो की जावो. उद्या कुणी कान धर म्हटलं, तर मी आधी खाली बघेन, रक्त कुणाचं सांडलंय. ज्याचं सांडलं असेल, त्याच्यापुढे बसेन. बाकीच्यांनी आपली गाडी पुसत बसावं.